परिषद आणि पाळणा
(द्वितीय वर्ष कला)

परिषद म्हटली की हारतुरे, लांबलेले आभारप्रदर्शन आणि मागच्या रांगेत डुलक्या घेणारे श्रोते डोळ्यांपुढे येतात. परंतु अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यात ऑरलँडो नावाचे एक शहर आहे. तेथे डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णालयांचे व्यवस्थापक सकाळी गंभीर व्याख्याने ऐकतात आणि सायंकाळी हीच मंडळी उंच झुलत्या गाड्यांत बसून एकमेकांच्या देखत किंचाळतात!

हा योग आपोआप जुळलेला नाही. 1971 च्या ऑक्टोबरात तेथे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड सुरू झाले. 1973 मध्ये सी वर्ल्ड आले, 1990 मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओज. प्रवासी वाढले तशी हॉटेले वाढली. 1978 पासून हॉटेलातील मुक्कामावर कर बसला आणि त्या उत्पन्नाच्या बळावर उभारलेले प्रचंड अधिवेशनगृह 1983 मध्ये खुले झाले. म्हणजे विद्वानांचे सभागृह जत्रेकरूंच्या पैशावर उभे आहे म्हणा ना! मुलांच्या शाळा चालू असताना रिकाम्या राहणाऱ्या खोल्या परिषदांच्या पाहुण्यांनी भरतात. रुग्णालयांतील संगणक आणि नोंदी यांचा विचार करणाऱ्या 'हिम्स' या संस्थेची मोठी परिषद 2019, 2022 आणि 2024 साली तेथेच भरली. 2020 ची मात्र करोनामुळे ऐन वेळी रद्द झाली.

प्रतिनिधींसाठी दुपारनंतरची वेगळी तिकिटे मिळतात. एखादी संस्था उद्यानाचा काही भाग रात्रीपुरता भाड्यानेही घेते. मग शल्यविशारद आणि परिचारिका एकाच रांगेत उभे राहतात. रांगेच्या तोंडाशी पाटी असते : हृदयविकार, पाठदुखी असणाऱ्यांनी व गर्भवती स्त्रियांनी बसू नये. ही पाटी वाचून मुकाट्याने बाजूला होणारा एखादा हृदयरोगतज्ज्ञही असेलच!

यात थट्टेचा भाग सोडला तरी एक गोष्ट उरते. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी एक तपासयादी काढली. तीत कातडीला छेद देण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे, असे एक कलम आहे. एकत्र काम करणाऱ्यांना एकमेकांची नावे सांगण्यासाठी नियम करावा लागतो, यातच सारे आले. मोठ्या डॉक्टरांना 'थांबा, काहीतरी चुकते आहे' असे म्हणायला धाकट्याला धीर लागतो. पाळण्यात बसल्याने तो येतो असे माझे म्हणणे नाही, पण ज्याला आपण घाबरून डोळे मिटताना पाहिले, त्याच्याशी बोलणे थोडे सोपे होत असावे.

याच डिस्ने वर्ल्डमधून वैद्यकशास्त्रालाही एक गमतीदार धडा मिळाला आहे. मिशिगनच्या डॉ. डेव्हिड वॉर्टिंगर यांना काही रुग्णांनी सांगितले की, तेथील 'बिग थंडर माउंटन' गाडीत बसल्यावर आमचा मुतखडा पडला. त्यांनी व सहकारी मार्क मिचेल यांनी मूत्रपिंडाची सिलिकॉनची प्रतिकृती केली, तीत खडे घातले, ती पाठपिशवीत ठेवली आणि 20 फेऱ्या मारल्या. मागच्या आसनावर 36 पैकी 23 वेळा खडा सुटला, पुढच्या आसनावर 24 पैकी अवघ्या 4 वेळा. हा निबंध 2016 साली छापून आला आणि 2018 मध्ये त्याला 'इग नोबेल' हे हसवून विचार करायला लावणारे पारितोषिक मिळाले. अर्थात प्रतिकृती ती प्रतिकृती. कोणी मुतखडा घेऊन जत्रेत धावू नये.

खरा प्रश्न तिकिटाचे पैसे कोण देतो हा आहे. औषध कंपनीने दिले तर त्या पाळण्याचे भाडे शेवटी रोग्याच्या चिठ्ठीत उतरण्याची भीती असते. म्हणून अमेरिकेतील औषध कंपन्यांच्या संघटनेने 2009 पासून लागू झालेल्या संहितेत डॉक्टरांना करमणुकीची तिकिटे देणे वर्ज्य केले. कंपन्यांनी डॉक्टरांवर केलेला खर्च जाहीर करण्याचा कायदाही तेथे 2010 मध्ये झाला. आपल्याकडे त्या वेळच्या भारतीय वैद्यक परिषदेने 2009 सालीच डॉक्टरांना कंपन्यांकडून प्रवासखर्च घेण्यास मनाई केली. नियम कागदावर चांगले आहेत.

आणि सहकारी म्हणजे तरी कोण? आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली. माझी आई तालुक्याच्या दवाखान्यात आया आहे. परिषदेचे बोलावणे डॉक्टरांना येते, क्वचित परिचारिकांनाही. बेडपॅन उचलणारीला कोण बोलावणार? गेल्या वर्षी तिच्या दवाखान्यातील मंडळींनी आळीपाळीने सुट्टी घेऊन, वर्गणी काढून गणपतीपुळ्याची एका दिवसाची सहल केली. डॉक्टरीणबाईंनी दिली तेवढीच वर्गणी आईनेही दिली. दोघींच्या पगारातले अंतर पाहता मला ते खटकले. आईला नाही. बाई समुद्राच्या पाण्याला घाबरतात, हे ती अजून हसत हसत सांगते.