उपदेशाने न उघडणारे दार

मद्य हे सप्तव्यसनांपैकी एक आहे, हे आपल्या घरातील मुलाला पाठशाळेतच कळते. म्हणूनच एखाद्या कुटुंबात ते शिरले की त्याची वाच्यता कोठेही होत नाही. ‘शेठ खरेदीला परगावी गेले आहेत’, ‘पित्ताचा त्रास आहे’ ही उत्तरे दुकानातील नोकरांनाही पाठ होतात. बाजारातील पत, मुलीबाळींची सोयरीक, संघातील मान, असे पुष्कळ काही त्या मौनावर उभे असते. यास कोणी ढोंग म्हणेल. मला ती भीती वाटते. मात्र त्या मौनाच्या आड आजार वाढतच राहतो. उपाय म्हणून वडीलधारी मंडळी समोर बसवून समजावतात, महाराजसाहेबांपुढे नियम घेववितात, आणि नियम मोडला की पुन्हा समजावतात. समजावणाऱ्यांचा हेतू शुद्ध असतो, तरीही दार उघडत नाही.

ते कोणाच्या हाताने उघडते, याचा शोध अमेरिकेत एका फसलेल्या व्यवहारातून लागला. बिल विल्सन हा न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातील माणूस. दारूने त्याचा धंदा आणि नाव दोन्ही बुडविले होते. डिसेंबर 1934 मध्ये रुग्णालयातील उपचारांनंतर त्याने पिणे थांबविले आणि मोठ्या उत्साहाने तो इतर मद्यपींना सुधारण्याच्या मागे लागला. पाच महिने खटपट करूनही एकही सुधारला नाही. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. सिल्कवर्थ यांनी त्याला बजावले, की उपदेश बंद कर आणि आजाराविषयी बोल. पत्नी लोइस हिने दुसरी गोष्ट लक्षात आणून दिली: ते सुधारले नसतील, पण तू स्वतः तर प्यालेला नाहीस.

मे 1935 मध्ये ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन शहरी एका कंपनीचा ताबा मिळविण्याचा त्याचा प्रयत्न फसला. परके गाव, रिकामा खिसा, आणि हॉटेलच्या दालनातून ऐकू येणारा मद्यालयातील गलबला. त्या क्षणी त्याला उमगले, की आपण वाचायचे असेल तर आपल्यासारख्याच एखाद्याशी बोलले पाहिजे. त्याने गावातील एका पाद्र्याला फोन लावला आणि तेथून ओळखीने ओळख काढत तो डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदापर्यंत पोहोचला. डॉक्टर पंधरा मिनिटांपुरते भेटण्यास राजी झाले होते. बोलणे चालले सहा तासांहून अधिक. बिलने आपलीच कहाणी सांगितली. आपण उपकार करण्यास आलो नसून आपल्यालाच या भेटीची गरज आहे, हे त्याने लपविले नाही. पुढे एका वैद्यकीय परिषदेला गेले असता डॉ. बॉब पुन्हा घसरले. त्यांचा अखेरचा पेला 10 जून 1935 रोजीचा, आणि ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही संघटना तोच आपला स्थापनादिन मानते.

या संघटनेत शुल्क नाही. पिणे सोडण्याची इच्छा, एवढीच सदस्यत्वाची अट. दानशूर म्हणविणाऱ्या आपल्या समाजाला आश्चर्य वाटेल, पण ती बाहेरची देणगीही घेत नाही. 1938 मध्ये धनाढ्य रॉकफेलर (धाकटे) यांनी 5,000 डॉलर दिले, मात्र अधिक पैशाने हे कार्य बिघडेल असे त्यांचेच मत पडले. आडनाव विचारले जात नाही आणि तेथे ऐकलेले बाहेर सांगायचे नसते. ज्या पतीच्या काळजीने आपण गप्प बसतो, तिची जपणूक येथे नियमानेच होते. आपल्या पेठेत जाण्याचा संकोच वाटत असेल, तर दुसऱ्या उपनगरातील सभेला जाता येते.

महाराष्ट्रात हेच सूत्र पुण्याच्या ‘मुक्तांगण’ने आपलेसे केले. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे व सुनीताबाईंच्या साह्याने 1986 मध्ये ते सुरू केले. बरे झालेले रुग्णच तेथे कार्यकर्ते होतात. पिणाऱ्याची सबब पूर्वी प्यालेल्या माणसाइतकी कोणाला ओळखता येणार! ‘आज फक्त लग्न आहे म्हणून’ या वाक्यापुढे भाऊ चिडतो, आई रडते. कार्यकर्ता हसून विचारतो, पुढचे लग्न कधी आहे? खरा कसोटीचा काळ दुकान बंद करून घरी निघण्याचा. त्या अर्ध्या तासात ज्याला फोन करता येईल असा एक माणूस असणे, हे शंभर व्याख्यानांहून मोलाचे आहे. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोक्रेन आढाव्यात 27 अभ्यास आणि 10,565 व्यक्तींची माहिती तपासली गेली. दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत या पद्धतीकडे नेणारे नियोजनबद्ध उपचार इतर प्रस्थापित उपचारांच्या तुलनेत सरस ठरले.

एक गोष्ट मात्र ठासून सांगितली पाहिजे. वर्षानुवर्षे रोज पुष्कळ पिणाऱ्याने एकाएकी थांबणे जिवावर बेतू शकते. पहिल्या दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणे, झटके येणे, भ्रम होणे, असे प्रकार घडतात. पर्युषणात भावनेच्या भरात नियम घेऊन त्याच दिवशी उपवासही धरणाऱ्यास घरच्यांनी आधी डॉक्टरांकडे न्यावे. शरीरातील विष उतरविणे हे डॉक्टरांचे काम. सोबत्याचे काम त्यानंतर सुरू होते आणि वर्षानुवर्षे चालते.

राहिली घरातील माणसे. लोइस विल्सन हिने 1951 मध्ये मद्यपींच्या नातलगांसाठी ‘अल-अनॉन’ उभारण्यात पुढाकार घेतला; मुक्तांगणात पत्नींचा ‘सहचरी’ गट आहे. पतीच्या उधाऱ्या गुपचूप फेडणारी, त्याच्या वतीने व्यापाऱ्यांशी खोटे बोलणारी स्त्री अशा गटात प्रथमच मोकळी बोलते. तेथील प्रश्न फार साधे आणि फार अवघड असतात. गल्ल्याची किल्ली परत केव्हा द्यावी? रात्री उशीर झाला तर तोंडाचा वास घ्यावा की नाही? पुन्हा घसरला, तर सासऱ्यांना कोणी सांगायचे? समोरची बाई सांगते, मी किल्ली आठ महिन्यांनी दिली, आणि देताना हात थरथरत होता.