दारूचा थेंबही नाही, तरी यकृतावर चरबी!

"आपल्या सात पिढ्यांत कुणी दारूला हात लावला नाही, मग माझं लिव्हर कसं बिघडेल?" सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन भाईजान डॉक्टरांनाच विचारत होते. रिपोर्टमध्ये 'फॅटी लिव्हर, ग्रेड दोन' असे होते. वय 48, वजन 88 किलो, कांदिवलीत दुकान, दिवसभर गल्ल्यावर बैठक. दुखत-खुपत काहीच नव्हते.

भाईजानसारखा समज आपल्या अनेक घरांत आहे. सुमारे दीड किलोचे यकृत पित्त तयार करते, साखर साठवते, औषधांचा निचरा करते. गरजेपेक्षा जास्त साखर, मैदा पोटात गेला की त्याची चरबी होऊन यकृतातच साचते. वेळीच आवर घातला नाही, तर सूज आणि पुढे सिरॉसिस. पोट सुटलेल्यांना आणि मधुमेहींना धोका जास्त.

डॉक्टरांनी सांगितले, "वजन 7 ते 10 टक्के उतरवा." भाभींनी हिशेब मांडला: दिवसाला सात कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे चौदा चमचे! चहा दोन कपांवर आला, तोही बिनसाखरेचा. बिर्याणी फक्त जुम्म्याला. रमजानमध्ये इफ्तारला खजूर आणि फळे. समोसे-भजी रोज नाहीत. इशानंतर अर्धा तास चालणे. आठ महिन्यांत सात किलो उतरले आणि रिपोर्टमध्ये ग्रेड एक आला.

दुसरा शत्रू हिपॅटायटिस बी. 1982 मध्ये 'कुली'च्या अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून तो अमिताभ बच्चन यांना झाला आणि अनेक वर्षे कळलाच नाही. त्यांचे 75 टक्के यकृत निकामी झाल्याचे त्यांनीच सांगितले आहे. म्हणून बाळाला जन्मल्यापासून 24 तासांत याची लस द्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. खतना, हिजामा, कान टोचणे, दाढी, प्रत्येक वेळी ब्लेड-सुई नवीच हवी.

तिसरी गोष्ट, मनाने औषध घेऊ नका. 2020 मध्ये कोरोनाकाळात गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. तरी काढा असो वा वेदनाशामक गोळी, डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

आपले शरीर अल्लाहची अमानत आहे. यकृत तक्रार करीत नाही, म्हणून भगिनींनो, घरातल्या चाळिशी ओलांडलेल्यांची एकदा तपासणी करून घ्या. आणि आज संध्याकाळी चहात साखर किती पडते, तेवढे मोजा.