गोष्ट चालते कशी? – भाग १७ : आजारी एक, उघडा दुसरा

बंदुकीची गोळी मांडीला चाटून गेली आणि डॉ. वॉटसनला एकवीस वर्षांनी कळलं की शेरलॉक होम्सचा आपल्यावर जीव आहे.

गोष्ट ‘द थ्री गॅरिडेब्ज’. कॉनन डॉयलने ती १९२४ साली प्रसिद्ध केली. घडते ती १९०२च्या जूनमध्ये. लंडनमधल्या एका म्हाताऱ्या संग्राहकाची वस्तूंनी खच्चून भरलेली खोली, खोलीखाली तळघर, तळघरात खोट्या नोटा छापायचं यंत्र. किलर इव्हान्स नावाचा गुंड पकडला जातो आणि क्षणात दोन गोळ्या झाडतो. पुढच्या चार-सहा वाक्यांत डॉयल जे करतो ते त्याने उभ्या होम्समालिकेत दुसरीकडे कुठे केलेलं नाही. होम्स इव्हान्सच्या डोक्यात पिस्तूल हाणतो, वॉटसनला दोन्ही हातांनी सावरत खुर्चीत बसवतो, लागलं नाही ना, असं पुन्हा पुन्हा विचारतो. त्याचे ओठ थरथरत असतात, डोळे भरून आलेले असतात. खिशातल्या चाकूने तो वॉटसनची विजार टरकावतो. जखम वरवरचीच निघते. मग इव्हान्सकडे वळून तो सांगतो, की वॉटसनला मारलं असतंस तर या खोलीतून तू जिवंत बाहेर पडला नसतास. इकडे खुर्चीत बसलेला वॉटसन काय विचार करतोय? हे पाहायला मिळालं, तर एक काय, आणखी चार जखमा चालतील!

रहस्यकथा म्हणून ही गोष्ट बेतास बात आहे. माणसाला काहीतरी लालूच दाखवून घराबाहेर काढायचं, ही युक्ती डॉयलने लाल केसवाल्यांच्या मंडळाच्या गोष्टीत आधीच वापरली होती. तरी होम्सचे भक्त हिला जपतात ते या चार-सहा वाक्यांसाठी.

मागच्या आठवड्यात आपण वेषांतर पाहिलं. या आठवड्याचं यंत्र त्याच्या नेमकं उलटं चालतं. एखादं पात्र तापाने फणफणतं, घोड्यावरून पडतं, बाण लागून कोसळतं, आणि दुसरं कुणीतरी त्याच्या उशाशी येऊन बसतं. आपल्याला वाटतं गोष्ट आजाऱ्याची आहे. पण आजारी माणूस कथेच्या दृष्टीने निकामी असतो. तो पडून आहे. ना त्याला कुठे जाता येतं, ना काही ठरवता येतं. काय करायचं ते करतो उशाशी बसलेला. कथेत आजारी पडतो एक आणि उघडा पडतो दुसरा.

याची विनोदी आवृत्ती जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये (१८१३) सापडते. पाऊस येणार हे दिसत असूनही आई थोरल्या जेनला घोड्यावरून श्रीमंत शेजाऱ्याकडे धाडते, म्हणजे ती भिजेल आणि रात्री तिथेच राहावं लागेल. जेनला सर्दीताप येतो. त्या तापाबद्दल ऑस्टिन फार काही सांगतच नाही. पण बहीण एलिझाबेथ चिखल तुडवत तीन मैल चालत येते, तेव्हा तिच्या बरबटलेल्या झग्याकडे कोण नाक मुरडून बघतं आणि कोण तिच्या चमकत्या डोळ्यांकडे बघतं, यावर पुढची सगळी कादंबरी उभी राहते. जेन वरच्या खोलीत शिंकत असते आणि परीक्षा खाली दिवाणखान्यात चाललेली असते. आपल्याकडेही आजाऱ्याला भेटायला जाण्याला ‘समाचाराला जाणं’ म्हणतात आणि ‘समाचार घेणं’ म्हणजे खरडपट्टी काढणं. हा योगायोग नसावा असा मला दाट संशय आहे. काही घरांतले समाचार मी पाहिलेले आहेत.

आता जरा यंत्राच्या आत डोकावू. लेखकापुढे पहिला प्रश्न असतो तो मात्रेचा. जखम फार मोठी झाली तर पात्र मरतं आणि कथा शोकाकडे वळते. फार लहान झाली तर हसू येतं. हवं असतं ते असं काहीतरी, की माणूस उभा राहू शकणार नाही पण बोलू शकेल, आणि दुसऱ्याला त्याच्या अगदी जवळ यावं लागेल. म्हणून मांडी! वॉटसनच्या मांडीला गोळी लागते. त्याच्या अडीच हजारांहून अधिक वर्षं आधी ‘इलियड’च्या अकराव्या सर्गात युरिपिलसला पॅरिसचा बाण लागतो, तोही मांडीतच. माझी एक डॉक्टर मैत्रीण यावर हसते. मांडीतून शरीरातली एक मोठी धमनी जाते, दोन बोटं इकडेतिकडे झालं तर तुमच्या पात्रांना बोलायला वेळच उरणार नाही, असं तिचं म्हणणं. लेखकांचे बाण मात्र त्या धमनीला कधी शिवत नाहीत.

युरिपिलसपाशी थोडं थांबायला हवं, कारण त्याची शुश्रूषा करणारा आहे पॅट्रोक्लस, अकिलीसचा जिवलग मित्र. अकिलीस रुसून लढाईबाहेर बसलाय. त्याने पॅट्रोक्लसला पाठवलंय ते फक्त एवढंच बघायला, की रथातून नेला जाणारा तो जखमी कोण. जखमी असतो मॅखेऑन, ग्रीक सैन्याचा वैद्यच. पॅट्रोक्लस बसायलाही तयार नसतो, तरी म्हातारा नेस्टर त्याला थांबवून लांबलचक गळ घालतो. अकिलीसचं मन वळव, नाहीतर तू तरी त्याचं चिलखत घालून ये. निरोप घेऊन पॅट्रोक्लस धावत सुटतो. वाटेत युरिपिलस लंगडत येताना दिसतो, घामाने डबडबलेला, मांडीत बाण. सैन्यातला एक वैद्य जखमी, दुसरा रणांगणावर. तूच काढ, अकिलीसने तुला औषधं शिकवली आहेत, असं तो म्हणतो. पॅट्रोक्लसला थांबायला वेळ नाही. तसं तो बोलूनही दाखवतो आणि थांबतो. सुरीने बाण कापून काढतो, कोमट पाण्याने जखम धुतो, एक कडू मुळी हाताने चोळून वर लावतो. रक्त थांबतं.

मग होमर त्यांना तिथेच सोडून लढाईकडे वळतो. तीन सर्ग तटबंदी, रणधुमाळी, देवांची भांडणं. पंधराव्या सर्गात बघावं तर पॅट्रोक्लस अजून त्याच झोपडीत बसलेला! औषध लावतोय, गप्पा मारून मित्राचं मन रमवतोय. एवढ्या रक्तपातात हा एक माणूस कुणाच्या तरी उशाशी बसून आहे. पुढे तो अकिलीसकडे रडत जाईल, त्याचं चिलखत मागून घेईल आणि मारला जाईल. त्याच्या प्रेतापाशी सर्वांत करुण विलाप करते ती ब्रायसिस, लुटीत पकडून आणलेली बाई. तिचा नवरा मारला गेला तेव्हा पॅट्रोक्लसनेच तिचं सांत्वन केलं होतं. युरिपिलसची मांडी आठवत असेल तर तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवायला वेगळा पुरावा लागत नाही.

बर्लिनच्या संग्रहालयात इसवीसनपूर्व ५००च्या सुमाराचं एक ग्रीक मद्यपात्र आहे. त्याच्या आतल्या चित्रात उलटा प्रकार दिसतो. जखमी आहे पॅट्रोक्लस आणि त्याच्या दंडाला पट्टी बांधतोय खुद्द अकिलीस. पॅट्रोक्लसने तोंड दुसरीकडे फिरवलंय, वेदनेने विचकलेले दात चित्रकाराने पांढऱ्या रंगाने दाखवलेत. हा प्रसंग ‘इलियड’मध्ये नाही. कुणाला तरी तो हवासा वाटला म्हणून रंगवला गेला. विसाव्या शतकात ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या (१९६६–६९) चाहत्यांनी, त्यातही मुख्यतः बायकांनी, हौशी अंकांतून नेमकं हेच सुरू केलं. भावना दाखवायच्या नाहीत असं शिकवलं गेलेल्या स्पॉकला किंवा त्याच्या कप्तानाला जखमी करायचं आणि दुसऱ्याला उशाशी बसवायचं. या लेखनाला त्यांनी नावही दिलं. मराठीत त्याला ‘दुखापत आणि दिलासा’ म्हणता येईल. कॅमिल बेकन-स्मिथ या अभ्यासक बाईंनी त्या चाहत्यांवर १९९२ साली पुस्तक लिहिलं, त्यात या प्रकाराला एक आख्खं प्रकरण दिलं. नाकं मुरडणारे मुरडोत. त्या मद्यपात्राच्या चित्रकाराने वेगळं काय केलं होतं?

दुसऱ्याला जवळ यायला परवानगी मिळते, हे या यंत्राचं मुख्य चाक. एरवी ज्याच्या खांद्यावरही हात ठेवता येणार नाही, त्याच्या कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवता येते. होम्सला हे चांगलं ठाऊक होतं. ‘द डाइंग डिटेक्टिव्ह’ (१९१३) या गोष्टीत तो मरणाच्या दारातल्या रोग्याचं सोंग घेतो आणि वॉटसनला पलंगाजवळ फिरकू देत नाही. तुझ्या वैद्यकाच्या ज्ञानाचा काय उपयोग, असं नाही नाही ते बोलतो. कारण वॉटसन जवळ आला असता, नाडी बघितली असती, तर ताप नाही हे त्याला तत्काळ कळलं असतं. खोट्या रोग्याला शुश्रूषा परवडत नाही. त्या अपमानाची भरपाई डॉयलने अकरा वर्षांनी केली, असं मी मानतो.

‘शुश्रूषा’ हा शब्द आपण सहज वापरतो, पण तो मूळचा इस्पितळातला नाही. संस्कृतात ‘श्रु’ म्हणजे ऐकणं आणि ‘शुश्रूषा’ म्हणजे ऐकण्याची इच्छा. गुरूचं ऐकण्याच्या इच्छेवरून तो सेवेकडे आणि सेवेवरून रुग्णाकडे आला. ‘शाकुंतला’चा तिसरा अंक या शब्दावर लिहिल्यासारखा आहे. शकुंतला अंगाच्या दाहाने तळमळते आहे. प्रियंवदा वाळ्याचा लेप आणि कमळाची पानं घेऊन येते, दोघी सख्या पानांनी वारा घालतात. काही केल्या उतार नाही. शेवटी त्या उपचार बाजूला ठेवून विचारतात, की बाई, तुला झालंय तरी काय? कारण कळल्याशिवाय इलाज कसा करायचा? आणि मायेच्या माणसांत वाटलं की दुःख सोसवतं. तेव्हा कुठे शकुंतला बोलते आणि खरा उपाय सुरू होतो, कमळाच्या पानावर नखाने लिहिलेल्या पत्राचा. वेलींच्या आड लपून दुष्यंतही हे सगळं ऐकत असतो. ऐकण्याची इच्छा त्यालाही होतीच, पण त्याला शुश्रूषा म्हणणं जिवावर येतं. किर्लोस्करांनी १८८० साली हे नाटक मराठी संगीत रंगभूमीवर आणलं.

त्याच १८८०च्या जुलैत अफगाणिस्तानात मैवंदची लढाई झाली आणि तिथे, डॉयलच्या म्हणण्यानुसार, तरुण डॉ. वॉटसनला पहिली गोळी लागली. (आधी मुंबईला उतरून तो आपल्या पलटणीमागे गेला होता.) ती खांद्याला लागली की पायाला, याबद्दल डॉयलने दोन कादंबऱ्यांत दोन गोष्टी सांगितल्यात, मांडीचा मोह बहुधा जुनाच. लढाईतून वॉटसनला घोड्यावर आडवा टाकून सुखरूप आणलं ते मरे नावाच्या त्याच्या हरकाम्याने. होम्सने केलं त्यापेक्षा हे काम कितीतरी मोठं! पण मरेच्या वाट्याला एक वाक्य आलं आणि तो कायमचा गडप झाला. ‘इलियड’मध्येही हेच होतं. युरिपिलसला झोपडीत आणल्यावर बैलाचं कातडं अंथरणारा एक सेवक आहे. निघताना पॅट्रोक्लस म्हणतो, आता तुझा सेवक तुझं मन रमवेल. रमवलं असेलच. होमर त्याचं नावही सांगत नाही.

उशाशी बसणारा उघडा पडतो हे खरं, पण तो बरोबरीचा असेल तरच. सेवा हे ज्याचं कामच आहे, त्याच्या मनात डोकवायची लेखकांना फारशी गरज वाटत नाही. म्हणूनच टॉलस्टॉयचा गेरासिम मला पॅट्रोक्लसच्या पंक्तीला बसवावासा वाटतो. ‘इव्हान इल्यिचचा मृत्यू’ (१८८६) या दीर्घकथेत न्यायाधीश इव्हान इल्यिच मरतो आहे आणि बायको, डॉक्टर, मित्र, सगळे तो नुसता आजारी असल्याचं नाटक करताहेत. घरातला तरुण शेतकरी नोकर गेरासिम तेवढा करत नाही. तो मालकाची घाण साफ करतो आणि रात्र रात्र त्याचे पाय आपल्या खांद्यावर धरून बसतो, कारण तसं धरलं की इव्हानला बरं वाटतं. संकोच वाटून इव्हान त्याला जा म्हणतो, तर गेरासिमचं उत्तर साधं आहे. सगळ्यांनाच मरायचंय, मग एवढ्याशा कष्टाचं काय घेऊन बसलात?

गेरासिम पाय खाली ठेवून झोपायला जाऊ शकतो. ‘खामोशी’तल्या परिचारिका राधाला तेही जमत नाही. आशुतोष मुखोपाध्यायांच्या बंगाली कथेवर असित सेन यांनी आधी सुचित्रा सेनला घेऊन ‘दीप ज्वेले जाय’ (१९५९) केला आणि दहा वर्षांनी वहिदा रेहमानला घेऊन हिंदीत ‘खामोशी’. मनोरुग्णालयातल्या कर्नल डॉक्टरांचा एक प्रयोग आहे. वेडाचा झटका आलेल्या रुग्णावर परिचारिकेने प्रेमाचा अभिनय करायचा, त्या प्रेमाने तो बरा होईल. राधाच्या हातून देव नावाचा रुग्ण बरा होतो आणि आपल्या वाटेने निघून जातो. डॉक्टर खूश, प्रयोग यशस्वी! दुसऱ्या रुग्णाला, अरुणला, ती आधी नकार देते, मग ऐकते. तोही बरा होतो. या खेपेला राधा कोसळते, आणि ज्या इस्पितळात ती इतरांच्या उशाशी बसली तिथेच तिला रुग्ण म्हणून ठेवावं लागतं. मी अभिनय केलाच नव्हता, मला तो येतच नाही, हे ती सांगते तेव्हा समोर डॉक्टर उभे असतात. रुग्णांचं ऐकणं हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांना हे पहिल्यांदाच ऐकू येतं.

(पुढच्या आठवड्यात : गोष्टीतली जेवणं)