शब्दपूर्ती : सूचना यंत्राची, जबाबदारी माणसाची

संगणकाकडून काम करून घ्यावयाचे तर त्याला आज्ञांची मालिका, म्हणजेच आज्ञावली, लिहून द्यावी लागते. पत्रातील चुकलेली वेलांटी वाचणारा सांभाळून घेतो. संगणक तसे करीत नाही. एका अक्षराच्या चुकीने सारे काम अडते. म्हणून आज्ञावली ज्यात लिहितात त्या 'एडिटर' या साधनात शब्दपूर्तीची सोय असते. दोन-तीन अक्षरे उमटविली की उरलेला शब्द पुढे येतो.

सूचना येतात कोठून?

साधा एडिटर त्याच मजकुरात पूर्वी आलेले शब्द सुचवितो. जाणता एडिटर आज्ञावलीची रचना वाचतो. माहिती तारखेची असेल तर तारखेला लागू पडणाऱ्या क्रियाच दाखवितो. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये 'इंटेलिसेन्स' या नावाने ही सोय आणली. मात्र दहा भाषा व दहा एडिटर असतील तर शंभर जोडण्या कराव्या लागत. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या 'लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल' या सामाईक संकेतामुळे तेथे वीस पुरतात.

अंदाजाची पूर्ती

२०२१ मध्ये 'गिटहब कोपायलट' चाचणीसाठी उपलब्ध झाले. असंख्य आज्ञावल्यांवरून शिकलेले हे साधन पुढे काय येणे संभवते ते ताडून संपूर्ण परिच्छेद लिहून देते. येथेच मूलभूत फरक आहे. जाणता एडिटर व्याख्या पाहून सांगतो. हे साधन अंदाजाने सांगते.

समजा, शिष्यवृत्तीसाठी वय मोजावयाचे आहे. चालू वर्षातून जन्मवर्ष वजा करावे, अशी सूचना आली. आज्ञावली विनातक्रार चालेल. परंतु ज्या मुलाचा वाढदिवस अद्याप यावयाचा आहे, तो एक वर्षाने मोठा ठरेल आणि पात्र असूनही वगळला जाईल. अक्षराची चूक संगणक दाखवितो, विचाराची नाही.

न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीतील संशोधकांनी २०२१ मध्ये जोखमीचे प्रसंग मुद्दाम निवडून कोपायलटने लिहिलेल्या १,६८९ आज्ञावल्या तपासल्या. सुमारे ४० टक्के आज्ञावल्यांत सुरक्षिततेचे दोष आढळले.

याचा अर्थ हे साधन टाकाऊ आहे असा नव्हे. त्याने श्रम व वेळ वाचतो. परंतु कार्यालयात मसुदा कोणीही तयार केला तरी अधिकारी तो वाचूनच स्वाक्षरी करतो. आज्ञावलीलाही हाच नियम लागू आहे. विद्यार्थ्यांना हे साधन देताना शिक्षकांनी सूचना तपासण्याची सवयही लावावी, हे श्रेयस्कर.