वऱ्हाडच्या साऱ्यावर पोसलेला बिल्ला

वऱ्हाडातल्या शिरपूरला येणाऱ्याची पहिली चौकशी अंतरीक्ष पार्श्वनाथाची. मूर्ती खरंच अधांतरी आहे का, खालून कापड सरकतं का, हे ज्याला त्याला आपल्या डोळ्यांनी बघायचं असतं. ऐकीव गोष्टीवर भागवायचं नाही, खाली वाकून बघायचं, ही सवय मला आवडते. जुन्या लष्करी टोप्यांचे बिल्ले पारखताना हीच सवय लागते, आणि त्यांतल्या काही बिल्ल्यांचा या मातीशी जवळचा संबंध आहे.

एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, नवाब सलाबत खानाने 1788 साली उभारलेल्या पलटणी पुढे निजामाच्या फौजेत गेल्या. हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याने 1813 मध्ये आपल्या नावाची ब्रिगेड उभी केली. या सगळ्याचं मिळून हैदराबाद कंटिंजंट झालं. फौज नावाला निजामाची, हुकूम इंग्रजांचा आणि खर्च निजामाच्या माथी. पगार थकले तसं डलहौसीने 1853 च्या तहात वऱ्हाडच लावून घेतला. तेव्हापासून शिरपूरच्या काळ्या रानातला शेतसारा हिंगोली, एलिचपूर, जालना, औरंगाबादच्या छावण्यांच्या खर्चाला जाऊ लागला. 1858 मध्ये ह्यू रोजबरोबर झाशीवर चालून गेलेल्या सैन्यात हे कंटिंजंटही होतं. म्हणजे राणीविरुद्ध झाडलेल्या काही गोळ्यांची किंमत आपल्याच आजे-पणज्यांनी ज्वारी-कापसातून भरली. हे अभिमानाने सांगण्यासारखं नाही, पण बिल्ला हातात धरायचा तर ठाऊक असावं.

1902 च्या करारात वऱ्हाड वर्षाला 25 लाख रुपये खंडाने कायमचा इंग्रजांकडे गेला. पुढच्याच वर्षी कंटिंजंट मोडून त्याच्या सहा पायदळ पलटणी हिंदी फौजेत सामील झाल्या. त्यांना 94 ते 99 हे आकडे मिळाले आणि 96 व्या पलटणीचं नाव झालं बेरार, म्हणजे वऱ्हाड, इन्फंट्री. 1922 मध्ये या पलटणींची 19 वी हैदराबाद रेजिमेंट बनली आणि 1945 मध्ये तिचं नाव कुमाऊँ झालं. आज कुमाऊँच्या बिल्ल्यावर क्रूस धरलेला जो अर्धा सिंह दिसतो, तो रसेल घराण्याच्या मानचिन्हातला.

पारखीची पहिली पायरी ही सनावळीच. इथे भिंगही लागत नाही. 96 हा आकडा 1903 ते 1922 याच काळातला. राणी व्हिक्टोरिया 1901 मध्ये वारली. त्यामुळे 96 च्या आकड्यावर तिचा मुकुट बसवलेला दिसला तर घडवणाऱ्याचा इतिहास कच्चा समजावा. व्हिक्टोरियाच्या मुकुटाच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या असतात. तिच्यानंतरच्या राजांचा मुकुट घुमटासारखा फुगीर. 26 जानेवारी 1950 नंतर मुकुट गेला, अशोकस्तंभाचे सिंह आले. बेळगावच्या मराठा पलटणीचं इंग्रजी स्पेलिंगही असंच बोलकं आहे. इंग्रजी अमदानीत त्यात ‘महरट्टा’ असा उच्चार व्हावा अशी जादा अक्षरं होती, स्वातंत्र्यानंतर ती गेली. अशोकाचे सिंह आणि ‘19 वी हैदराबाद’ एकाच बिल्ल्यावर असतील तर तो पाहुणचार न करता परत करावा.

सनावळीत पास झाला की बिल्ला पालथा करायचा. नवखा माणूस तोंड बघतो, जाणता पाठ बघतो. विलायतेत बिल्ले पोलादी ठशांमध्ये पत्रा दाबून काढत. त्यामुळे पुढचा उंचवटा मागे खळगा होऊन उमटतो, रेघ न् रेघ धारदार येते. नक्षीमधली पोकळी छिन्नठशाने कापलेली असते, आणि त्या कापाच्या कडेवर बारीक उभे ओरखडे दिसतात. नकली बिल्ला बहुधा असलीवरूनच साचा घेऊन ओततात. मग पाठ सपाट किंवा दाणेदार येते, हवेच्या बुडबुड्यांची छिद्रं राहतात, पोकळीत कानशीच्या खुणा सापडतात. शिवाय थंड होताना पितळ आकसतं, शेकडा दीड-दोन इतकं. म्हणून ओतलेली नक्कल मूळ बिल्ल्यापेक्षा किंचित लहान भरते. व्हर्नियर कॅलिपर लावला की चोरी उघडी पडते. अर्थात मोजमाप जुळवायला एक खात्रीचा बिल्ला हाताशी हवा.

मग कड्या. टोपीत अडकवायला मागे तांब्याच्या कड्या किंवा उभी पट्टी झाळलेली असते. ब्रिटिश फौजेत ही पट्टी साधारण विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर आली, म्हणून व्हिक्टोरियाच्या मुकुटाखाली पट्टी दिसली की कपाळाला आठी पडावी. झिजेचंही असंच. रोज ब्रासोने घासलेल्या बिल्ल्याचे फक्त उंचवटे गुळगुळीत होतात, खाचांमध्ये जुना मळ राहतो आणि पाठीला कुणी हात लावत नाही. तेजाबात बुडवून म्हातारा केलेला बिल्ला मात्र मागून-पुढून सारखाच काळा. आणि घरच्यांनी दिवाळीत चिंच किंवा पितांबरी लावून लख्ख केला असेल, तर खऱ्या बिल्ल्याचाही अर्धा पुरावा मोरीत गेला म्हणायचा.

इथवर सगळं विलायती पुस्तकांप्रमाणे. पण हिंदी पलटणींच्या बाबतीत त्या पुस्तकांवर डोळे मिटून चालू नये, असं माझं मत आहे. ‘ओतीव म्हणजे नकली’ हा नियम इथे टिकत नाही. लंडन-बर्मिंगहॅमचा ठशाचा माल येत होता, तसे छावणीच्या बाजारातले कारागीरही बिल्ले आणि खांद्यावरची पितळी अक्षरं घडवत होते. त्यांच्याकडे पोलादी ठसे आणि दाबयंत्र कुठलं? मातीचा साचा, मुशीतलं पितळ आणि कानस. त्यांनी ओतलेला बिल्ला जाड, जडशीळ, अक्षरं थोडी वाकडी, पाठ खडबडीत. बर्मिंगहॅमचा माल पाहिलेला माणूस तो फेकून देईल, आणि फेकला जाणारा तुकडा खऱ्याखुऱ्या शिपायाच्या पगडीवरचा असू शकतो. उलट जुने अस्सल ठसे हाती लागले की त्यांतून आजही पत्रा दाबता येतो. तो बिल्ला ओतीव नसतो, आकसलेला नसतो, रेघाही चोख असतात. फक्त तो कुणी कधी घातलेला नसतो. ठशाला तडा गेला असेल तर त्याची केसाएवढी रेघ उशिराच्या बिल्ल्यांत उमटते, तेवढाच काय तो धागा.

म्हणून बाजारातल्या ओताऱ्याचा बिल्ला पारखताना ओतकामाला दोष देऊन भागत नाही. तो कुठल्या काळातला, हे बघावं लागतं. कडी हाताने वळवलेल्या तारेची आहे का? पगडीच्या घड्यांवर घासून ती एका बाजूने बारीक झाली आहे का? झाळेभोवतीचा हिरवा गंज नखाने निघतो, की धातूत मुरलेला आहे? रंगवलेला गंज बहुधा सुटतो.

अशा बिल्ल्यांत एक प्रकार मला फार ओळखीचा वाटतो. सरकारी बिल्ला हरवलाय, उद्या परेड आहे, आणि शिपाई बाजारात जाऊन चार-आठ आण्यांत हुबेहूब दुसरा करवून घेतो. कोठाराच्या हिशेबात तो नक्कल, पण काळ तोच, पलटण तीच, डोकंही तेच. संग्राहक त्याला कुठल्या खणात ठेवतो, यावरून मी त्या संग्राहकाची पारख करतो.