पडदा काळा झाला म्हणजे संगणक मेला नाही

मी आपल्या भागातल्या बचत गटांची समन्वयक. नेहमी मी तुमच्याशी हप्ते, व्याज, बँक यांविषयी बोलते. आज बोलणार आहे आपल्या ग्रामसंघाच्या खोलीत कोपऱ्यात बसलेल्या जुन्या संगणकाविषयी. चालू असतो तोवर त्याची आठवण येत नाही. बंद पडला की सगळ्यांचे जीव टांगणीला लागतात.

आमच्याकडे तसंच झालं. मे महिन्याचे दिवस. बियाणं-खतासाठी मृगाच्या आधी पैसे हातात यावेत म्हणून गटाचा कर्जाचा प्रस्ताव सोमवारी बँकेत द्यायचा होता. गुरुवारी सचिवताईंनी संगणकाचं बटण दाबलं. पंखा घुर्र फिरला, पुढचा दिवा लागला, पण पडदा काळा तो काळाच. तालुक्याच्या गावी एका दुकानात नेला. तिथल्या मुलानं पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "मावशी, बोर्ड गेलाय. याचे पार्ट आता मिळत नाहीत. नवीन घ्या." आतल्या हिशेबाचं काय, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "त्याची गॅरंटी नाही."

आता खरी गोष्ट सांगते. दोन महिन्यांचा हिशेब वहीत लिहिलेलाच नव्हता. "संगणकात आहे ना, मग वहीत परत कशाला लिहिता?" असं सचिवताईंना मीच सांगितलं होतं. गावात बातमी पसरली. संध्याकाळपर्यंत चार जणी विचारून गेल्या, "माझे हप्ते जमा आहेत ना?" बोलणं साधंच होतं, पण बोलताना त्यांची नजर सचिवताईंवर होती. त्या बाईनं कधी कुणाचा रुपया इकडचा तिकडे केला नाही. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सचिवताईंची भाची सुट्टीला आली. आयटीआयला संगणकाचा कोर्स करते. ती म्हणाली, "आत्या, तो मेलाय का नुसता गप्प बसलाय, ते आधी बघूया." पुढचे दोन तास तिनं जे केलं आणि आम्हाला करायला लावलं, तेच आज सांगते.

आधी एक समजून घ्या. घरात दिवा लागला नाही तर आपण लगेच घरच बदलत नाही. शेजारी लाइट आहे का बघतो, मग फ्यूज, मग बटण, मग बल्ब. संगणकाचंही तसंच. तो एक वस्तू दिसतो, पण आत वेगवेगळे भाग आहेत. हिशेब साठवून ठेवते ती हार्ड डिस्क. काम करताना लागणारं तात्पुरतं लक्षात ठेवते ती रॅम. आणि आत जे चाललंय ते पडद्यावर दाखवायचं काम ग्राफिक्स कार्ड करतं. पुष्कळ संगणकांत ही सोय मुख्य बोर्डातच असते. काहींत त्यासाठी वेगळं कार्ड खाचेत बसवलेलं असतं. आमचा संगणक एका कार्यालयातून जुना झाल्यावर मिळालेला, त्यात असं वेगळं कार्ड होतं. दाखवणारा भाग बिघडला म्हणून साठवणारा भाग बिघडतोच असं नाही. आरसा फुटला म्हणून तोंड फुटत नाही, तसं.

आता पायऱ्या. नेहमी बाहेरून आत जायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. चार गोष्टी एकदम हलवल्या तर कशानं सुरू झाला आणि कशानं बिघडला, काहीच कळत नाही.

पहिली पायरी, पडदा तपासा. म्हणजे मॉनिटर. त्याचा स्वतःचा दिवा लागतो का? नसेल तर त्याची वायर आणि प्लग बघा. दिवा लागत असेल तर मॉनिटर चालू ठेवून, मागची चित्राची केबल संगणकाच्या बाजूनं काढा. पडद्यावर "नो सिग्नल" किंवा "चेक केबल" अशी अक्षरं आली, तर मॉनिटर जिवंत आहे. तो सांगतोय, मला वरून काही मिळत नाही. आमच्या मॉनिटरवर अक्षरं आली. म्हणजे मॉनिटरचा खर्च वाचला.

दुसरी पायरी, केबल. जुन्या संगणकाला बहुतेक वेळा निळ्या तोंडाची, दोन स्क्रूंची व्हीजीए केबल असते. तिच्यात तीन ओळींत १५ पिनांची जागा असते. एखादी पिन वाकली आहे का बघा. एखाद्या केबलमध्ये एक पिन मुळातच नसते, ती तुटली असं समजू नका. नीट दाबून बसवा, दोन्ही स्क्रू हातानं आवळा.

आणि इथंच पुष्कळ जणी फसतात. संगणकाच्या मागे बघा. कीबोर्ड, माउस, पेन ड्राइव्ह लावायची भोकं जिथं एकत्र आहेत, तिथं एक निळं भोक असतं, ते बोर्डाचं. त्यापासून बाजूला, खालच्या अंगाला आडव्या पट्टीवर दुसरं भोक असेल, तर ते ग्राफिक्स कार्डाचं. वेगळं कार्ड बसवलेलं असलं की बऱ्याच संगणकांत बोर्डाचं भोक आपोआप बंद होतं. खोली सारवताना, रंगवताना वायरी काढल्या आणि परत लावताना बोर्डाच्या भोकात केबल गेली, तर सगळं ठीक असूनही पडदा काळा राहतो. तेव्हा केबल कार्डाच्या भोकात लावून बघा. आमची केबल बरोबरच होती, म्हणून पुढे गेलो.

तिसरी पायरी, संगणक जागा आहे का ते बघा. चालू करून दोन मिनिटं थांबा. मग कीबोर्डवरचं नम लॉक बटण दाबा. कीबोर्डवरचा छोटा दिवा लागत-विझत असेल तर संगणक बहुधा आत काम करतोय, फक्त दिसत नाही. आणि चालू करताना बीप ऐकू येतात का, कान देऊन ऐका. काही संगणकांत एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे पडद्याच्या भागाची तक्रार असते. प्रत्येक कंपनीची खूण वेगळी, काहींना बीपचा स्पीकरच नसतो. पण किती आणि कसे बीप आले ते कागदावर लिहून ठेवा. दुरुस्तीवाल्याला ते सांगितलंत, तर तोही तुमच्याशी वेगळ्या तऱ्हेनं बोलतो.

आमचा नम लॉकचा दिवा लागला. सचिवताईंचा चेहरा तेव्हाच थोडा उजळला.

चौथी पायरी, आत बघणं. इथं नियम पाळायचे. बटण बंद, प्लग भिंतीतून काढलेला. प्लग काढल्यावर चालूचं बटण एकदा दाबून धरायचं, म्हणजे आत उरलेली वीज उतरते. हात कोरडे, बांगड्या वर सरकवलेल्या, मंगळसूत्र आणि पदर आत खोचलेला. आतल्या कशाला हात लावण्याआधी डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा. अंगावर साठलेली वीज आपल्याला जाणवतही नाही, पण नाजूक भाग तिनं जळू शकतो. आणि एक डबा कधीच उघडायचा नाही. वायर जिथं येऊन लागते तो पत्र्याचा चौकोनी डबा, त्याला एसएमपीएस म्हणतात. प्लग काढल्यावरही त्याच्या आत वीज साठलेली असते.

भाचीनं बाजूचा पत्रा काढला आणि आम्ही सगळ्या शिंकायला लागलो. आत लाल पूड! आमचं मिरची कांडप यंत्र त्याच खोलीत. वर्षभर संगणकानं आमचा मसाला खाल्ला होता. कार्डावरचा छोटा पंखा पुडीनं घट्ट बसलेला. पंखा फिरला नाही की कार्ड तापतं, आणि तापून तापून एक दिवस गप्प बसतं.

साफसफाई कोरड्या मऊ ब्रशनं करायची. ओलं फडकं नाही, तोंडानं फुंकर नाही, फुंकरीबरोबर थुंकीचे थेंब आत जातात. पंखा साफ करताना बोटानं धरून ठेवायचा.

मग कार्ड काढायचं. त्याचा मागचा स्क्रू काढा. खाचेच्या टोकाला छोटी खिट्टी असते ती दाबा, आणि कार्ड दोन्ही हातांनी सरळ वर उचला. वाकडं ओढू नका. त्याच्या खालच्या कडेला सोनेरी पट्ट्या दिसतील, त्यांना बोटं लावू नका. मुलांच्या दप्तरातलं स्वच्छ खोडरबर घ्या, पट्ट्यांवरून हलकेच फिरवा, कण ब्रशनं झाडा. कार्ड परत खाचेत सरळ दाबून बसवा. काही मोठ्या कार्डांना एसएमपीएसमधून आलेली वेगळी वायर लागते, ती सुटली नाही ना बघा. रॅमची पट्टीही अशीच काढून, पुसून, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या लागेपर्यंत दाबून बसवा. रॅम सैल झाली तरी पडदा काळाच राहतो, आणि बिचाऱ्या कार्डावर आळ येतो.

आम्ही एवढं सगळं केलं. प्लग लावला, बटण दाबलं. पडदा काळाच.

अध्यक्षकाकू म्हणाल्या, "राहू दे गं, उगाच आणखी बिघडेल." पण भाची म्हणाली, "अजून एक पायरी आहे, काकू."

पाचवी पायरी, कार्ड बाजूला ठेवून बघणं. संगणक परत बंद, प्लग बाहेर. कार्ड काढून ठेवलं आणि मॉनिटरची केबल बोर्डाच्या निळ्या भोकात लावली. कार्ड नसलं की बोर्डाची स्वतःची सोय बहुतेक वेळा आपोआप चालू होते. बटण दाबलं. क्षणभर काहीच नाही. मग पांढरी अक्षरं, मग विंडोज. अध्यक्षकाकूंनी टाळीच वाजवली, "आला गं, आला!"

बोर्ड गेला नव्हता. कार्ड गेलं होतं. आणि हिशेब लिहायला, पत्र टाइप करायला, छापायला वेगळं कार्ड लागतच नाही. ते लागतं मोठ्या चित्रांच्या, व्हिडिओच्या कामाला आणि खेळांना. आम्ही ते परत बसवलंच नाही. काही बोर्डांना मात्र पडद्याची स्वतःची सोय नसते. मग साधं जुनं कार्ड घालावं लागतं. त्यासाठी पूर्ण संगणक बदलायची गरज नाही.

एवढं करूनही पडदा आला नाही, तर बोर्डावरचा गोल सेल बघा. बटणासारखा असतो, सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा. प्लग काढून तो दहा मिनिटं बाहेर ठेवला की बऱ्याच संगणकांच्या आतल्या मांडणीची चूक पुसली जाते. परत बसवताना अधिकची खूण वर. त्यानंतर तारीख चुकीची दिसेल, ती नीट करून घ्या. आणि चालू होताना पडदा दिसतो पण विंडोज उघडताना जातो, असं असेल तर दोष बहुधा सॉफ्टवेअरचा असतो. तो माहितगाराकडून नीट करून घ्या.

यापुढचं काम दुरुस्तीवाल्याचं. बोर्डावरचे छोटे डबे फुगलेले दिसले, जळका वास आला, तर थांबा. संगणक देताना त्याला स्पष्ट सांगा, "विचारल्याशिवाय फॉर्मॅट करायचं नाही." फॉर्मॅट म्हणजे पाटी पुसणं. संगणक अगदीच चालत नसला तरी हार्ड डिस्क शाबूत असेल, तर ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडून हिशेब वाचता येतो. संगणक भंगारात देताना हार्ड डिस्क काढून घ्या. तिच्यात आपल्या आधार कार्डांच्या आणि पासबुकांच्या प्रती असतात.

पडदा आल्यावर सचिवताईंनी पहिलं काम काय केलं? दोन पेन ड्राइव्हवर हिशेब उतरवला. एक त्यांच्याकडे, एक अध्यक्षकाकूंकडे. मग कागद छापले आणि रविवारी बैठक घेतली. प्रत्येकीचं नाव आणि हप्ता मोठ्यानं वाचला. प्रत्येकीनं आपल्या पासबुकाशी ताडून बघितलं. एक रुपयाचाही फरक निघाला नाही. ज्या चार जणी विचारायला आल्या होत्या, त्यांतली एक सचिवताईंसाठी घरून चहा घेऊन आली. कुणी काही बोललं नाही, बोलायची गरजही नव्हती. माझी चूक मी त्याच बैठकीत सांगितली. त्या दिवसापासून हिशेब आधी वहीत, मग संगणकात. सोमवारी प्रस्ताव बँकेत पोचला. संगणक आता कांडप यंत्राच्या खोलीत नाही, शेजारच्या खोलीत, कापड झाकून असतो. चालू करताना कापड काढायचं, विसरायचं नाही.

आता वही-पेन घ्या आणि एवढं लिहून ठेवा. एक, मॉनिटर. दोन, केबल आणि तिचं भोक. तीन, नम लॉकचा दिवा आणि बीप. चार, प्लग काढून सफाई, कार्ड आणि रॅम परत बसवणं. पाच, कार्ड काढून बोर्डाच्या भोकातून बघणं. हा कागद संगणकाशेजारी भिंतीवर चिकटवा.

आणि कुणी पाच मिनिटांत "गेला" म्हणालं, तर त्याला शांतपणे विचारा, "कुठला भाग गेला, दादा? कशावरून?" हे विचारायला इंजिनीअर व्हावं लागत नाही.