विनामूल्य औषधाची किंमत

सरकारी दवाखान्यातील केसपेपरवर डॉक्टर पुढील भेटीची तारीख लिहून देतात. त्या दिवशी रुग्ण आला नाही, की नोंदवहीत त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ असा शेरा पडतो. हा शेरा वाचणाऱ्यास वाटते, की माणूस बेफिकीर आहे. त्याला स्वतःच्या जिवाची पर्वा नाही. परंतु त्या गैरहजेरीचा जमाखर्च मांडून पाहिला, तर चित्र निराळे दिसते.

क्षयरोगाचे उदाहरण घेऊ. सरकारी कार्यक्रमात या रोगाची तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. औषधांना दाद देणाऱ्या क्षयाचा उपचार साधारणतः सहा महिन्यांचा असतो. या काळात औषधे नेण्यासाठी, थुंकीच्या तपासणीसाठी व वजन पाहण्यासाठी रुग्णाने ठरल्या दिवशी केंद्रात जावयाचे असते.

समजा, बाजारपेठेतील एका हमालास हा रोग जडला. त्याची मजुरी दिवसाला ६०० रुपये. दवाखान्याची वेळ सकाळची आणि मालाची गाडी रिकामी करण्याची वेळही सकाळचीच. रांगेतून सुटेपर्यंत दुपार होते व रोज बुडतो. जाण्यायेण्याचे भाडे ६० रुपये. अशक्तपणामुळे पत्नी सोबत आली, तर तिचे भाडे ६० रुपये आणि तिच्या घरकामाच्या खाड्याचे २०० रुपये. विनामूल्य औषधाची एक खेप त्या घराला ९२० रुपयांना पडते!

त्यातच दोनएक महिन्यांत ताप उतरतो, खोकला थांबतो, अन्न गोड लागते. बरे वाटणे व बरे होणे यांतील अंतर शरीर सांगत नाही. आजचे ९२० रुपयांचे नुकसान डोळ्यांसमोर असते; औषध सोडल्याचा धोका मात्र पुढे केव्हातरी येणारा. कर्जाचा हप्ता आणि दुकानदाराची उधारी असलेला माणूस कोणता निर्णय घेईल, हे सांगावयास नको. अर्धवट औषधाने काही जंतू जिवंत राहतात, रोग उलटतो आणि पुढे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा क्षयही उद्भवू शकतो. त्याचा उपचार अधिक कठीण व त्रासदायक असतो.

एके काळी क्षयरोग्यास आरोग्यधामात ठेवीत. सांगली-मिरजेदरम्यानची वानलेसवाडी ही त्याच काळाची खूण. १९५६ साली मद्रासमध्ये एक संशोधन केंद्र स्थापन झाले. तेथील गरीब वस्त्यांतील काही रुग्णांना आरोग्यधामात व काहींना घरीच ठेवून औषधे दिली गेली. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत घरचा उपचारही जवळजवळ तितकाच गुणकारी ठरला. हे मोठेच यश होते. मात्र आरोग्यधामात औषध रुग्णाच्या खाटेपाशी येत असे. आता रुग्णाला औषधापाशी जावे लागते. नियमितपणाचा सारा भार त्याच्या घरावर आला.

पैशाइतकीच लोकलज्जाही आड येते. सासरी कळू नये म्हणून सून दूरच्या केंद्रात जाते, किंवा जातच नाही. मुलीच्या सोयरिकीची बोलणी चालू असलेले घर आजाराचे नाव उच्चारीत नाही. कामासाठी गाव बदलणाऱ्या मजुराचा तर पत्ताच नोंदवहीतून हरवतो.

शासनाने या अडचणी ओळखल्या आहेत. एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णास दरमहा ५०० रुपये मिळू लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये झाली. ती थेट बँक खात्यात जमा होते. पण खाते निष्क्रिय असेल, केवायसी अपुरी असेल, तर हक्काची रक्कमही अडून राहते. पेढीवरील मुनीमजींनी अर्धा तास काढून नोकराबरोबर बँकेत जावे; हे साहाय्य एखाद्या देणगीहून कमी नाही.

व्यापाऱ्याच्या हाती आणखीही पुष्कळ आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार ठरावीक संख्येइतके वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत वर्षाला ८ दिवसांची पगारी नैमित्तिक रजा मिळते. राज्य कामगार विमा योजनेत नोंद असलेल्या पात्र कामगारास आजारपणात वेतनाच्या ७० टक्के लाभ वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळतो. ही नोंद वेळीच केलेली असावी. छोट्या दुकानात मात्र बहुधा मालकाचा शब्द हाच कायदा असतो. “दवाखान्यात जाऊन ये, पगार कापणार नाही,” एवढे एक वाक्य तेथे औषधाइतके काम करते. योग्य उपचार सुरू झाल्यावर संसर्गाची शक्यता झपाट्याने घटते. तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला कामावर परत घ्यावे. भीतीपोटी काढून टाकू नये. तसे केल्यास इतर नोकर आपला खोकला लपवू लागतात. सप्टेंबर २०२२ पासून निक्षय मित्र म्हणून नोंदणी करून रुग्णाच्या सकस आहाराचा भारही उचलता येतो.

शेवटी हिशेबच करावयाचा, तर महिन्याला एक भेट धरून सहा भेटी होतात. प्रत्येक वेळी अर्ध्या दिवसाची मजुरी कापली नाही, तर पेढीला येणारा खर्च १८०० रुपये. वर्षअखेरच्या ताळेबंदात ही रक्कम शोधूनही सापडणार नाही. पण हमालाच्या घरी तेवढ्यावरच सहा महिन्यांचे औषध पुरे होऊ शकते.